जिजाबाच्या घासातले हिंगे

आमच्या हिवरदऱ्यावर ज्या दिवशी हिंगे आले, त्या दिवशी सकाळचा सूर्य साडेअकरापर्यंत दिसला नाही. कोंबडे गोंधळून पुन्हा झोपले. शाळेत दिवे लावून पाढे म्हणून घेतले. माझी बायको भामा म्हणते, सूर्य नेहमीच्या वेळेला उगवला होता आणि शाळेला तेव्हा सुट्टी होती. पण भामाला गोष्ट सांगता येत नाही, हा तिचा जुना दोष आहे. हिंगे आले होते एवढं तीही कबूल करते. ते मी बोलावले होते, एवढंही.

ज्यानं हिंगा पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. बोटाच्या पेराएवढा भुंगेरा. काळाभोर अंग आणि पाठीवर नारिंगी पट्टे, बँडवाल्याच्या कोटासारखे. हा पान खात नाही, खोड पोखरत नाही. साहेब फक्त फुलं खातात. मुगाची, भेंडीची, तुरीची, बाजरीच्या कणसावरचा फुलोरा. फूल गेलं की शेंग गेली. झाड हिरवंगार डुलतं आणि त्याच्याखाली शेतकरी डोकं धरून बसतो. बरं, चिमटीत धरून फेकून द्यावा म्हटलं तर पायाच्या सांध्यातून पिवळा थेंब सोडतो, आणि थेंब लागला त्या जागी दुसऱ्या दिवशी टरटरीत फोड. एकदा आमच्या बांधाची मोजणी करायला आलेल्या मोजणीदाराच्या मानेवर हिंगा चिरडला. फोड इतका मोठा आला की त्याला सदऱ्याची गुंडी लागेना. मोजणी पुढच्या आठवड्यावर गेली. तो आठवडा अजून यायचाय.

हा बांध म्हणजे माझ्या आणि जिजाबाच्या शेतामधला. जिजाबा औटी, माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन महिन्यांनी धाकटा आणि दोन मुठींनी उंच. बांधालगत हातभर रुंदीचा एक पट्टा आहे. तो माझा आहे. जिजाबा म्हणतो, त्याचा आहे. एवढ्यावरून अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. म्हणजे एकमेकांशी. म्हशींशी बोलायचो.

"बये," जिजाबा त्याच्या म्हशीला म्हणायचा, माझ्या कानापर्यंत बरोबर पोचेल अशा आवाजात, "काही लोकांची शेळी काल आपल्या हद्दीत चरून गेली बरं का."

मी माझ्या म्हशीच्या पाठीवर थाप मारायचो. "ऐकलंस का गंगे? हद्द म्हणे. मोजणी झाल्याशिवाय हद्द कुठून आली?"

म्हशी रवंथ करत ऐकून घ्यायच्या. त्यांच्यासारखे पंच दुसऱ्या गावाला मिळाले नसतील.

जिजाबाचा आणखी एक त्रास असा की तो खोटं बोलत नाही. कुणाचा बैल किती दातांचा, कुणाच्या विहिरीला पाणी किती, जिजाबा म्हणाला की विषय संपला. मी काही म्हणालो की लोक हसायला तोंड उघडूनच बसतात. हसतात तर हसू देत, मला आवडायचं ते. एका माणसाला सोडून सगळ्या गावानं हसावं, एवढीच माझी इच्छा असायची, आणि तो माणूसही हसायचा नाहीच.

आणि या गोष्टीतली तिसरी केतकी, माझी नात. ती माळरान राखण दलात होती. त्या वर्षांत माळावरचे पक्षी मोजायला आणि चोरटी शिकार थांबवायला उडती यंत्रं वापरून पाहिली होती, पण त्यांच्या आवाजानं पक्षी अंडी टाकून उठायचे. शेवटी सरकारनं यंत्रं बंद केली आणि घोडे आणले. केतकीची घोडी काजळी. डोळ्यांभोवती काळी कड होती म्हणून काजळी. शिंगरू होती तेव्हापासून केतकीनंच वाढवलेली. लग्नाचं विचारलं की पोरगी म्हणायची, "काजळीला विचारून सांगते." मी एकदा काजळीला परस्पर विचारलं, तर तिनं माझी टोपी खाल्ली. ही गोष्ट खरी आहे. टोपीचा उरलेला अर्धा भाग भामानं ठेवलाय.

---

तर हिंग्यांवरचा उपाय घेऊन तरन्नुम मॅडम आल्या. आमच्या मंडळाच्या कृषी अधिकारी. उन्हातान्हात बांधाबांधानं फिरणारी बाई, आणि तिच्यापुढं थाप मारली की ती वहीत लिहून घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुरावा मागायची.

फुलोऱ्यात औषध मारायला तेव्हा बंदी होती. मधमाश्या इतक्या कमी उरल्या होत्या की पेट्या बाहेरून आणून शेतात मांडाव्या लागायच्या, आणि फुलावर मारलेलं औषध आधी माशीला लागायचं. मग उरलं हिंगे हातानं वेचणं. पहाटे, गारव्यानं ते सुस्त असताना, हातमोजे घालून, साबणाच्या पाण्यात टाकायचे. पण दहा एकरांवर विखुरलेले हिंगे कोण वेचत बसणार?

मॅडमनी तळहातावर एक मातीचा मणी धरला. बोराएवढा.

"हा हाकारा. हिंग्यांना हाक मारतो," त्या म्हणाल्या. "ऐका नीट. हिंग्याच्या नराच्या अंगात ते फोड आणणारं विष असतं. कँथारिडिन. मीलनाच्या वेळी नर ते मादीला देतो, आणि मादी ते अंड्यांवर माखते, म्हणजे मुंग्या अंड्यांना तोंड लावत नाहीत. ज्या नराकडं विष जास्त, त्याच्याकडं माद्यांची गर्दी. मादीला ते दुरून कळतं वासानं. जिथं माद्या जातात तिथं बाकीचे नरही जातात. आपल्या लोकांनी प्रयोगशाळेत यीस्टला तो वास बनवायला शिकवलंय. यात विष नाही. नुसता वास."

"म्हणजे मॅडम," मी म्हणालो, "आहेर काही नाही, वाजंत्री मात्र दणक्यात."

लोक हसले. मॅडमही हसल्या. "बरोबर समजलात आप्पा. शेताच्या मधोमध भेंडी आणि झेंडूचा एक पट्टा लावायचा. तो हिंग्यांसाठी सोडायचा. मणी त्या पट्ट्यात. मण्याच्या कवचाला बारीक भोकं आहेत, उन्हात उघडतात, सावलीत मिटतात. त्यामुळं वास थोडा थोडा सुटतो आणि एक मणी सबंध हंगाम पुरतो. आसपासच्या दोन-चार शेतांतले हिंगे येऊन त्या पट्ट्यावर बसतील. पहाटे वेचा. सगळे मारू नका."

"का? पाहुणचार करायचा?" कुणीतरी म्हणालं.

"यांची पिल्लं जमिनीत नाकतोड्यांची अंडी खाऊन वाढतात. हिंगे पार संपवलेत तर दोन-तीन वर्षांनी नाकतोडे तुमची पानंही ठेवणार नाहीत. तिसरा हिस्सा माळावर नेऊन सोडा. आणि शेजारी लसूणघास असेल तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. समोरच्या रांगेत जिजाबा मान हलवत सगळं वहीत टिपून घेत होता, आणि त्याच्या टिपून घेण्याची नक्कल मी मागच्या रांगेला करून दाखवत होतो. आयुष्यात काही वाक्यं माणसानं ऐकायला हवी असतात, त्यातलं ते एक होतं.

---

पहिल्या हंगामात मण्यांनी कमाल केली. पहाटे घराघरातलं एकेक माणूस निघायचं, आज याच्या पट्ट्यावर, उद्या त्याच्या. मुगाला अशा शेंगा लागल्या की झाडं वाकून जमिनीला नमस्कार करत होती. सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं, आणि इतकी गोडीगुलाबी आमच्या गावाला मानवत नाही.

दुसऱ्या हंगामात जिजाबानं त्या हातभर पट्ट्यात शेवग्याची तीन रोपं लावली. माझ्या डोळ्यांदेखत. आळी केली, पाणी घातलं, आणि म्हशीला म्हणाला, "बये, दोन वर्षांत शेंगा खाशील."

मी घरी आलो. सुपारी कातरायला घेतली. कोनाड्यात हाकाऱ्याच्या चार मण्यांची डबी होती. अडकित्ता हातात होता. बाकी काही माझ्या मनात होतं असं मला आठवत नाही, पण सुपारीच्या जागी मणी कधी आला आणि कटकन दोन तुकडे कधी झाले, हे मात्र चांगलं आठवतं.

भामा चुलीपुढून म्हणाली, "काय फोडलंत?"

"सुपारी कडक होती."

भर दुपारी दोन्ही तुकडे मी बांधाच्या पलीकडच्या अंगाला, जिजाबाच्या लसूणघासाच्या मुळाशी, मातीत दाबले. त्याच्या घासावर हिंगे बसतील, फुलं खातील, जिजाबा चार दिवस हातमोजे घालून वेचत बसेल, आणि मी बाजेवर बसून गंगेशी त्यावर चर्चा करीन, एवढाच बेत. कवच फुटलेल्या मण्याला ऊन-सावली कळत नाही, हंगामाची हाक तो दीड दिवसात मारून टाकतो, हे मला कसं ठाऊक असणार? मी पहिलं वाक्य नीट ऐकलं होतं आणि शेवटचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाशात नारिंगी धूर दिसला. चार गावांवरून तो आमच्याकडं येत होता. जिजाबाचा घास जांभळ्या फुलांवर होता, कारण कापणीचं यंत्र गावात एकच आणि त्याची पाळी उशिरा आली होती. नऊ वाजता घास जांभळा होता. दहाला नारिंगी झाला. फुलं खाण्याचा आवाज येत होता. शपथेवर सांगतो, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा.

जिजाबा बांधाशी उभा राहून बघत होता.

"बये," तो म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा माझ्याकडं आला नाही. खरोखर म्हशीशीच बोलल्यासारखा होता. "असं मी कधी पाहिलं नाही गं."

मला गुदगुल्या झाल्या. मी चहा मागवला.

पण जिजाबा वेचायला बसला नाही. दुपारी यंत्राची पाळी आली, आणि पाळी सोडली तर पुन्हा पंधरा दिवस थांबा, म्हणून त्यानं हिंग्यांसकट घास कापायला लावला. यंत्र नवं होतं. विळ्यानं कापला तर घास सुकताना हिंगे उठून निघून जातात. हे यंत्र तसं नव्हतं. एका तोंडानं कापायचं, मधल्या दोन रुळांत काडी चेपायचं, म्हणजे घास लवकर वाळतो, आणि संध्याकाळच्या आत मागच्या बाजूनं चौकोनी गठ्ठे टाकायचं. बघता बघता रान मोकळं झालं आणि नारिंगी रंग गेला. कुठं गेला, याचा विचार मी केला नाही.

---

तिसऱ्या दिवशी सकाळी तरन्नुम मॅडमची गाडी दारात उभी राहिली.

"आप्पा, चार गावांचे सापळे रिकामे पडलेत. सगळे हिंगे इकडं आले म्हणतात. तुमचे चारही मणी दाखवा."

"तीन आहेत. एक उंदरानं नेला."

"उंदरानं."

"मोठा उंदीर होता. मांजर मागं सरलं."

मॅडमनी वहीत लिहिलं नाही. बांधापलीकडचं मोकळं रान पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "घास कापला? कुणी? रुळाच्या यंत्रानं?"

"हो. का?"

"मी सांगितलं होतं त्या दिवशी! घास फुलावर यायच्या आत कापा. हिंगे चेपले की मेलेले गठ्ठ्यातच राहतात, आणि ते विष वाळून जात नाही. वर्षभर ठेवा, तेवढंच जहाल. म्हशीला त्रास होतो, पण ती बऱ्याचदा निभावते. घोड्याला शंभरएक हिंगे पुष्कळ झाले. आतडं सोलून निघतं, मूत्रपिंडं जातात. यावर उतारा नाही."

मी हळूच श्वास सोडला. "जिजाबाकडं कुठं घोडा आहे? दोन म्हशी आहेत."

भामा दारात पदराला हात पुसत उभी होती. तिचा हात थांबला.

"आवो," ती म्हणाली, "केतकी त्यांच्याकडूनच घास नेते."

"कोण केतकी?"

"आपली केतकी! दोन वर्षं झाली. पक्षी अंड्यावर असले की घोडी माळावर चरायला सोडत नाहीत. जिजाभावजींचा घास चांगला म्हणून तिकडून नेते. तुम्ही तोंड फुगवाल म्हणून सांगितलं नाही कुणी. काल दिवेलागणीला गाडी भरून गठ्ठे गेले."

मी फोन लावला.

"आप्पा! आज इतक्या सकाळी?"

"केतकी, काजळीला तो घास घालू नको."

"कुठला घास? आजीनं सांगितलं का? हे बघा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"ते राहू दे. घासावरून नागीण गेलीय. मी डोळ्यांनी पाहिली. विष सांडत गेली." माझ्या तोंडातून हेच निघालं. खरं सांगायचं तर मणी, अडकित्ता, बांध सगळं सांगावं लागणार होतं, आणि नागीण जवळ होती.

केतकी हसली. "मागच्या वेळी नागिणीनं तुमची चप्पल घातली होती ना?"

"पोरी, हसू नको. बरं, खरं सांगतो. मी हाकाऱ्याचा मणी अडकित्त्यानं फोडला. जिजाबाच्या घासात पुरला. चार गावांतले हिंगे आले, आभाळ नारिंगी झालं, आणि ते यंत्रानं चेपून गठ्ठ्यात..."

ती आता खो खो हसत होती. "अडकित्त्यानं! आप्पा, ही मात्र नवी आहे. संध्याकाळी सगळ्यांना ऐकवते. आता गस्तीला निघायचंय, ठेवू?"

तिनं ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. मॅडमनी त्यांच्या फोनवरून लावला, तोही वाजत राहिला. गस्तीच्या तयारीत असली की ती फोन खिळ्याला अडकवते. मी आयुष्यभर जमवलेलं हसू असं एका सकाळी माझ्याच अंगावर आलं.

"ती कुणाचा फोन आला तर धावत येऊन उचलेल?" मॅडमनी विचारलं.

मला उत्तर ठाऊक होतं. गठ्ठे देणाऱ्याचा. पुढची गाडी कधी पाठवायची ते तोच कळवायचा.

---

मी बांध ओलांडला. शेवग्याच्या रोपांना पाय लागणार नाही असं बघून ओलांडला. जिजाबा गोठ्यात शेण ओढत होता.

"जिजाबा."

त्यानं आधी म्हशीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"मला म्हणालास?"

"तुलाच. तुझ्या घासावर हिंगे मी आणले. मणी फोडून पुरला. तुझ्या गठ्ठ्यांत मेलेले हिंगे आहेत, त्यानं घोडं मरतं. केतकी माझं ऐकत नाही."

एवढी छोटी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती.

जिजाबानं खोरं भिंतीला लावलं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं. तो माझ्या अंगावरून आत गेला, दोरीवरचं धुतलेलं धोतर ओढून जमिनीवर पसरलं, एक गठ्ठा आणला, दोरी तोडली आणि धोतरावर झटकला. पांढऱ्या कापडावर काळे-नारिंगी तुकडे पडत राहिले. पंख, पाय, अर्धी अंगं. तो झटकत राहिला, ते पडत राहिले.

मग त्यानं म्हशींपुढचा चारा पायानं मागं लोटला आणि फोन काढला.

दुसऱ्या वाजण्यालाच केतकीनं उचलला.

"पोरी, जिजाआजा बोलतोय. काजळीपुढचा घास काढ. आत्ता. का ते मग सांगतो."

"काढते," केतकी म्हणाली.

एवढंच. का नाही, कशाला नाही. तो शब्द मला अजून टोचतो.

मग पलीकडून तिचा आवाज पुन्हा आला, आणि त्यात हसू नव्हतं. "आजा, सकाळी अर्धा गठ्ठा खाल्लाय तिनं. आणि... ती पाणी पीत नाहीये. नुसतं तोंड बुडवतेय आणि काढतेय."

मॅडमनी गाडीची किल्ली हातात घेतलीच होती.

---

माळावरच्या दलाच्या चौकीला पोचेपर्यंत दुपार झाली. काजळी खांबाला बांधली होती आणि पुढच्या पायानं जमीन खरवडत होती. तिथं वीतभर खड्डा पडला होता. मान घामानं निथळत होती. थोड्या थोड्या वेळानं ती लघवीला अवघडून उभी राहायची आणि चार थेंब पडायचे, तांबूस. मग पुन्हा बादलीत तोंड घालायची. पाणी हलायचं, कमी व्हायचं नाही.

भिंतीवरच्या पडद्यावर जनावरांची डॉक्टरीण होती, शंभर कोसांवरून बोलत होती. केतकी ती सांगेल तसं करत होती. नाकातून पोटात नळी घातली, कोळशाची पूड पाण्यात कालवून आत सोडली, वरून तेल. पूड विषाला धरून ठेवेल, तेल ते पुढं ढकलेल. मानेच्या शिरेत सलाईन. जिजाबानं घोडीचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मी बाटली उंच धरून उभा होतो. हात भरून आला तरी बदलायला मी कुणाला हाक मारली नाही.

तासाभरानं केतकीनं माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं.

"अडकित्त्यानं खरंच फोडलात?"

"हो."

"कशासाठी?"

माझ्याजवळ त्या प्रश्नाला पन्नास उत्तरं असतात. "शेवग्याची तीन रोपं," मी म्हणालो.

बाटली संपत आली होती, तिनं दुसरी लावली आणि माझा हात धरून दोन बोटं वर केला. तो तेवढाच स्पर्श. काजळी एकदा गुडघ्यांवर बसली, तेव्हा केतकीनं तिच्या कानात काहीतरी सांगायला सुरुवात केली. मधेच तिचा आवाज गेला, तर जिजाबानं ते वाक्य पुढं नेलं. "उठ गं बये. उठ. उभी ऱ्हा." त्याला दुसरं नाव सुचलं नसावं.

ती उठली. ऊन उतरायला लागलं तेव्हा बादलीतलं पाणी बोटभर कमी झालं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "जगेल. पण मूत्रपिंडांना मार बसलाय. आता ओझं नाही, धाव नाही. कधीच."

केतकीनं मान हलवली. बाहेर जाऊन तिनं खोगीर उन्हातून आत आणून ठेवलं, जागच्या जागी.

---

गावात मी सगळ्यांसमोर कबुली दिली. लोक हसायला लागले होते, पण जिजाबानं मान डोलावली आणि ते थांबले. आता हाकाऱ्याचे मणी नव्या मातीचे येतात. अडकित्ता लावला तर अडकित्ता उडतो म्हणतात. मी लावून पाहिलेला नाही.

दलानं केतकीला दुसरी घोडी दिली. काजळीला तिनं आमच्या गोठ्यात आणून बांधलं.

"हिला तुम्ही सांभाळायचं," ती मला म्हणाली. "पुढ्यात जे टाकाल ते आधी पांढऱ्या कापडावर झाडायचं. मूठ मूठ. स्वतःच्या हातानं."

मी झाडतो. सकाळी एक घटका, संध्याकाळी एक घटका. पण घोडी माझ्या हातचं खात नाही. मी मूठ पुढं केली की नाक फेंदारते आणि मान फिरवते. जिजाबाच्या हातचं खाते. त्यामुळं अकरा वर्षं ज्यानं आमचा बांध ओलांडला नव्हता, तो दिवसातून दोनदा ओलांडतो. मी झाडायचं, त्यानं भरवायचं. भामा त्याला चहा देते. आमच्यात बोलणं फार नाही. "सरक" आणि "धर" एवढ्यावर चालतं. म्हशींना करमत नसणार.

केतकी रोज संध्याकाळी फोन करते. जिजाबाला. "काजळीनं खाल्लं का? आप्पांनी नीट झाडलं का?" जिजाबा म्हणतो, "खाल्लं. झाडलं." की ती ठेवते. मी शेजारीच उभा असतो. माझ्याबद्दल माझ्या नातीला तिसऱ्या माणसाकडून रोज दाखला लागतो.

परवाची गोष्ट. गावात कुस्त्या होत्या. मला घाई होती. मी घासाचा वरचा थर झाडला, खालचा तसाच टोपलीत लोटला, आणि कापड घडी करून ठेवलं. जिजाबा खुंट्याशी उभा होता. त्यानं पाहिलं. टोपली उलटी केली, कापड उघडलं आणि बसून सगळा घास पुन्हा झाडला. काही निघालं नाही. मग भरवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"खाल्लं का?"

"खाल्लं."

"आप्पांनी नीट झाडलं?"

जिजाबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, पहिल्यांदा बिडी ओढताना पकडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"झाडलं," तो म्हणाला.

कुस्त्यांचे ढोल वाजायला लागले होते. मला जाता आलं असतं. पण ते तीन अक्षरी खोटं त्याच्या तोंडात इतकं वाईट दिसत होतं की मला बघवेना. मी फोन ओढून घेतला.

"केतकी, मी आप्पा. मी वरवर झाडलं. कुस्त्यांना जायचं होतं. खालचं सगळं जिजाबानं झाडलं. काही निघालं नाही. पण मी झाडलं नव्हतं."

मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो. सवय.

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "उद्यापासून फोन तुम्हीच उचलत जा."

मी हो म्हणालो. पुढं काही जोडलं नाही.